चाळीस गाड्यांचं धाबं

वर्गात उशिरा येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण भर वर्गात बैलगाडीचं चाक घरंगळवत आणणारा विद्यार्थी मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याचं वय तेव्हा साठ होतं.

ही गोष्ट इंग्रजी अमदानीतली. शिंदखेड्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. वय सव्वीस, मूळचा जळगाव शहरातला, आणि गणितात माझा हात धरणारा अख्ख्या खानदेशात कोणी नाही अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत. त्या दिवशी चौथीच्या मुलांना फळ्यावर चांगला लांबलचक गुणाकार घालून दिला होता आणि मी खुर्चीत जरा डोळे मिटले होते. इतक्यात दाराशी खडखडाट झाला. आधी चाक आत आलं, मग चाकामागून काटकुळे, काळेसावळे, गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेले एक आजोबा आले. चाक माझ्या टेबलाला टेकवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि रामराम वगैरे काही न म्हणता एकदम विचारलं,

“मास्तर, ह्या चाकले लोखंडनी धाव कितली लांब लागी?”

धाव म्हणजे चाकाच्या कडेवर बसवतात ती लोखंडी पट्टी. मी म्हटलं, “आजोबा, हे लोहाराला विचारायचं.”

“त्याले इचारं. तो सांगस, चाकनी उंचीना तिप्पट, आनि वर थोडं.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “थोडं म्हनजे कितलं?”

हेच सुपडू आबा. आधीची चार भावंडं दगावली म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घालून दारात ठेवलं होतं, म्हणून नाव सुपडू. शेती दोघा मुलांच्या हाती दिलेली, घर माझ्या खोलीच्या समोरच. मी गावात नुकताच आलो होतो, म्हणून हे प्रकरण तोवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. लोहारानं बिचाऱ्यानं वैतागून ‘शाळेत जाऊन विचारा’ म्हटलं, आणि आबा शब्दशः शाळेत आले. चाकासकट.

मी ऐटीत सांगितलं, “व्यासाला बावीसनं गुणायचं आणि सातनं भागायचं.”

“कोनी मोजं?”

“कोणी म्हणजे? पुस्तकात आहे.”

“पुस्तकवालानी कोनतं चाक मोजं?”

मुलं खुसुखुसू हसायला लागली. मी आबांना ‘उद्या या’ म्हणून कटवलं. ते गेले, पण चाक टेबलाशीच राहिलं, आणि दिवसभर मला त्या चाकाला वळसा घालून फळ्याकडे जावं लागलं.

त्यानंतरचे चार दिवस गावात काय हलकल्लोळ झाला तो मला नंतर कळला. आबा हातात सुताचा दोरा घेऊन दिसेल ती गोल वस्तू मोजत सुटले होते. जात्याची तळी मोजली, ढोल मोजला, हंड्याचं तोंड मोजलं. पाटलांच्या विहिरीच्या तोंडावर दोरा आडवा धरताना ते इतके पुढे झुकले की पाणी भरणाऱ्या बायांनी बोंबाबोंब केली. तिसऱ्या दिवशी त्यांची सून केसर सकाळी सकाळी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. कपाळापर्यंत पदर, पण आवाज चांगला ठणठणीत.

“मास्तर, तुम्ही आबास्ले काय शिकाडं? काल तवावरनी भाकर उतराडी, त म्हनतस, थांब, हात लावू नको, मोजू दे. भाकर थंडी व्हई गयी. तरी मोजी ऱ्हायनात!”

चौथ्या दिवशी आबा पुन्हा वर्गात. या वेळी चाक नव्हतं, फक्त दोरा होता. चेहरा असा की घरात नातू झाल्याची बातमी सांगायला आलेत.

“मास्तर, ते थोडं बठ्ठास्नं सारखंच शे!”

“काय सारखं?”

“थोडं! चाकनं, जातानं, भाकरनं, इहीरनं, बठ्ठास्नं! उंचीना तिप्पट दोरा लागस आनि वर जे थोडं उरस, ते उंचीमा सात डाव बसस. मोठं ऱ्हाओ का धाकलं ऱ्हाओ. भाकरले बी तेच, इहीरले बी तेच. असं कसं व्हयनं, मास्तर?”

मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तीन पूर्ण आणि एक सप्तमांश. म्हणजे बावीस सप्तमांश. चार वर्षं मी हा आकडा मुलांच्या टाळक्यात ठोकत होतो, आणि ‘असं कसं’ हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. विहीर आणि भाकरी एकच नियम पाळतात याचं त्या माणसाला मनापासून कौतुक वाटत होतं. त्या दिवसापासून मी आबांना व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीशी बसायला घोंगडं टाकून दिलं. हेडमास्तरांनी नाक मुरडलं, पण साठीच्या माणसाचं नाव हजेरीत नसल्यामुळे त्याला हाकलायचं कोणत्या नियमानं, ते त्यांना सापडेना.

आबांना अक्षर वाचता येत नव्हतं. पण पावकी-निमकी त्यांनी खिडकीतून ऐकून ऐकून महिन्याभरात मुलांच्या आधी पाठ केली. मुलं अडखळली की बाहेरून आबांचा आवाज येई. मुलांनी त्यांना आपला पुढारीच करून टाकलं होतं, कारण आबा प्रश्न विचारायला लागले की माझं मुलांना प्रश्न विचारणं बंद पडत असे.

आणि प्रश्न तरी कसले! काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन यायचे, त्यात चिमटी चिमटीनं मीठ सोडायचे. पाणी सांडत नाही. “मीठ कोठे गयं, मास्तर? पेलामा ते जागाच नव्हती.” एकदा चुनकळीचा खडा आणला, माझ्या हाताला लावून थंड असल्याची खात्री करून दिली, पाणीही थंड असल्याची खात्री करून दिली, आणि मग पाणी ओतून तो खडा माझ्याच टेबलावर फसफसू दिला. “दोन्ही थंडा व्हतात. मंग हाई गरमी कोठून उनी?” टेबलावर अजून तो डाग असेल. कधी विचारत, मणभर लाकूड जाळलं तर राख ओंजळभर, बाकीचं लाकूड गेलं कोणत्या गावाला? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं यायची नाहीत. पहिल्यांदा मी थापा मारल्या. पण आबा थाप घरी नेऊन करून बघत आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत, तेव्हा मी मुकाट्यानं ‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकलो. हे वाक्य म्हटलं की आबांना फार आनंद व्हायचा. “मंग दोन्हीजन देखूत,” म्हणायचे.

गावात ते वेडगळात जमा होते. कोणी ‘अंदाजे’ म्हटलं की तो माणूस मेलाच. पाटलांनी एकदा सहज म्हटलं, “औंदा पाऊस अंदाजे बरा शे,” तर आबा त्यांच्या मागे मळ्यापर्यंत गेले. बरा म्हणजे कितला, हे विचारत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमची शाळा धाब्याची होती. ज्यांनी खानदेशी घरं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. भिंतींवर सागाच्या तुळया आडव्या टाकायच्या, त्यांवर काटक्या आणि पऱ्हाट्या, वर निंबाचा पाला, आणि त्यावर माती थापून सपाट छप्पर करायचं. सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरट चिकण माती, जिच्यातून पाणी खाली उतरत नाही. शाळा बांधून तेव्हा बारा वर्षं झाली होती. दर साली अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाला की पावसाच्या आत गाव मिळून शाळेच्या धाब्यावर खारीचा नवा थर द्यायचं. पुरुष धाब्यावर निंबाचा पाला पसरून दोन गाड्या माती वर चढवत आणि बाया ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी ती बडवत, गाणी म्हणत. गावाला या गोष्टीचा मोठा अभिमान होता. शेजारच्या गावाची शाळा गळते, आमची गळत नाही!

त्या साली अखाजी जवळ आली तसा पाटलांचा माणूस शाळेत सांगावा घेऊन आला, की सण झाला की थर द्यायचा. खिडकीशी बसलेल्या आबांनी मान वर करून छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले,

“मास्तर, गये सालनी माटी कोठे गयी?”

“पावसानं वाहून गेली असेल.”

“वाही गयी ते खाले दिसाले पाहिजे.”

ते उठले, शाळेच्या मागे पन्हळीखाली गेले आणि तिथे साचलेली माती पायानं चाचपून आले. “चारेक गाड्या व्हई. दर सालले दोन गाड्या चढतस. बारा सालन्या चोवीस. चार वाही गयात. बाकीन्या वीस?”

मी हसलो. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते लोखंडी सळई घेऊन धाब्यावर चढले आणि जागोजागी सळई खुपसून उतरले. बांधली तेव्हा धाब्याची माती वीतभर होती, म्हणजे बारा बोटं. आता हातभर झाली होती. चोवीस बोटं. दर साली बोटभर थर, बारा सालांत बारा बोटं. आम्ही सगळ्यांनी घाम गाळून, गाणी म्हणून, मुलांच्या डोक्यावर तितकीच माती आणखी नेऊन ठेवली होती आणि एकालाही जुनी काढायचं सुचलं नव्हतं.

पण आबा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी सुताराकडून हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल पेटी करून घेतली. त्यात खारी ठासून भरली, मग ती उकरून थोडी थोडी करून धान्याच्या दुकानात तोलली. दुकानदार म्हणाला, माती तोलून घेणारं गिऱ्हाईक मी पहिलंच पाहतो. पेटीभर माती भरली चार मण. पाणी मुरवून तोलली तर पाच मणांच्या घरात. मग आबा माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारायच्या आधी आवाज खाली आणला.

“तुम्ही पोरेस्ले हौदना हिशेब शिकाडतस ना? हाई धाबं बी हौदच शे. फक्त पानीना बदला माटी भरेल शे. लांबी वीस हात, रुंदी दहा हात, खोली एक हात. करा.”

मी पाटीवर केला. दोनशे पेट्या. आठशे मण. गाडीत वीस मण माल घातला तर चाळीस गाड्या. मी तो तीनदा करून पाहिला, कारण तीनदा केल्यावर कदाचित कमी येईल अशी मला आशा होती. आला नाही.

“मिस्तरीना पोऱ्याले इचारी उनू,” आबा म्हणाले. “ह्या तुळया वीतभर माटीना हिशेबथीन टाकेल शेतस. वीस गाड्यास्ना. वर चाळीस शेतस. आनि पाऊस पडना का पन्नास व्हतीन.”

मी वर पाहिलं. रोज ज्याच्याखाली बसत होतो त्या मधल्या तुळईला चांगला बाक आला होता. मला वाटायचं ती मूळचीच वाकडी आहे. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून मी दाराजवळ उभा राहून शिकवायला लागलो. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी दाराजवळ आहे आणि चाळीस पोरं आत आहेत. माझी मलाच इतकी लाज वाटली की वर्ग उचलून मी अंगणातल्या निंबाखाली नेला.

हेडमास्तर धावत आले. “हे काय? बारा वर्षांत पडलं नाही ते धाबं आता तुमच्या त्रैराशिकानं पडणार का?” म्हाताऱ्याच्या नादी लागून शाळेची शिस्त बिघडवल्याचा शेरा माझ्या नावावर लिहीन, अशी त्यांनी तंबी दिली. मी मुलांना मात्र आत नेलं नाही.

आबा पाटलांकडे गेले. पाटील माणूस चांगला, पण शाळा त्यांच्या देखरेखीखाली बांधलेली. शिवाय आमच्या गावात एक समजूत होती, की नांदत्या घराची माती खाली उतरवायची नसते. माती उतरते ती घर बसलं म्हणजे, वंश बुडाला म्हणजे. भरल्या शाळेची माती उतरवायची, हे ऐकूनच पाटलांनी कानांवर हात ठेवले.

“आबा, बारा सालमा कधी पडनं का?”

“पडनं नही म्हनीसन त इचारी ऱ्हायनू,” आबा म्हणाले. “पडानंतर कोन इचारी?”

अखाजी झाली. ठरल्या दिवशी सकाळी खारीच्या दोन गाड्या शाळेच्या अंगणात आल्या, बाया चोपण्या घेऊन आल्या, आणि सगळे जागच्या जागी थबकले. अंगणभर राखेनं चौकोन आखलेले होते. प्रत्येक चौकोन बैलगाडीएवढा. पार कुंपणापर्यंत ओळीच ओळी. आबा पहाटेपासून टोपलीभर राख घेऊन वाकून वाकून तेच करत होते. त्यांनी पुढे होऊन दोन्ही गाड्या पहिल्या दोन चौकोनांत उभ्या करवल्या.

“ह्या दोन. आते बठ्ठा चौकोन मोजा.”

पोरं धावली. मोठी माणसंही मोजू लागली. कोणी एकोणचाळीस म्हणालं, कोणी एक्केचाळीस. आबांनी सगळ्यांना परत मोजायला लावलं. चाळीस भरले.

“इतल्या गाड्या आज वर उभ्या शेतस,” आबांनी धाब्याकडे बोट केलं. “पोरेस्ना डोकावर. आनि आपन आखो दोन चढाडाले उनूत.”

भरलेल्या दोन गाड्या समोर दिसत होत्या आणि त्यांच्यापुढे अडतीस रिकामे चौकोन. पाटील चौकोनांमधून एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “कसावरथीन? हिशेब चुकना व्हई त?” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनीही पाहिलं, जरा जास्तच टवकारून.

तो शेरा मला आठवला. पण चार महिने मी या माणसाकडून एकच गोष्ट शिकत होतो. मी म्हटलं, “हिशेब बरोबर आहे. मी तीनदा केला आहे.”

तरी समजूत ती समजूत. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, माती उतरवली आणि गावावर काही आलं तर कोण जबाबदार? आबांनी सगळ्यांना शाळेत नेलं. मधल्या तुळईच्या बरोबर मध्यावरून त्यांनी दोरा सोडला होता आणि दोऱ्याच्या टोकाला दगड बांधला होता. दगड भुईला जेमतेम टेकलेला.

“बारा बोटं माटी उतराडा. तुळईवरना भार कमी व्हयना का ती वर ई आनि हाऊ दगड भुई सोडी. नही सोडा, त बठ्ठी माटी मी एकला मना डोकावर परत चढाडसु. चारशे मन. दहा शेरनी टोपली त सोळाशे टोपल्या. दिनले पन्नास. बत्तीस दिन लागतीन. पाऊसना आगोदर व्हई जाई.”

म्हणजे हाही हिशेब करून झाला होता. लोक हसले, आणि हसल्यावर त्यांचा नाही म्हणायचा जोर गेला. पाटील म्हणाले, “चढा रे वर.”

काम दोन दिवस चाललं. गाड्या माती घेऊन गावाबाहेरच्या पांदणीत, जिथे पावसाळ्यात चाकं रुतायची तिथे टाकून येत. आबा धाब्यावरच बसून होते. बोटाबोटानं थर निघत होता. दर थराच्या तळाला निंबाच्या पाल्याची काळपट रेघ असे, त्यामुळे वर्ष न् वर्ष वेगळं दिसे. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा थर निघाले, एकच उरला. तेव्हा आबांनी टिकाव चालवणाऱ्यांना थांबवलं, हातात खुरपं घेतलं आणि म्हणाले, हा मी काढतो. मला वाटलं, म्हातारा आता हट्टाला पेटला. खुरप्यानं दीड गाडी माती काढायला त्यांना दिवस मावळतीला येईपर्यंत वेळ लागला. बाकीचे नुसत्या टोपल्या वाहत होते.

शेवटची टोपली उतरली आणि शाळेतून आरोळी उठली. दगड अधांतरी लोंबत होता! पाटील स्वतः भुईवर आडवे पडून दगडाखालून बोटं सरकवत होते आणि ओरडत होते, “दोन बोटं! दोन बोटं!” पोरं नाचत होती. हेडमास्तर सगळ्यांना सांगत होते की वर्ग निंबाखाली नेण्याची कल्पना शाळेचीच होती. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांनाही मिठी मारली असती. आबा आले, वाकून बघितलं, म्हणाले, “दीड,” आणि बाहेर निघून गेले.

मी त्यांना शोधत मागे गेलो. शाळेच्या भिंतीशी केसर उभी होती. मी तिला म्हटलं, “आज आबांचा दिवस आहे आणि आबाच गायब!”

ती पदर सावरत हळूच म्हणाली, “मास्तर, तुम्ही नवा, तुम्हले ठाऊक नही. शाया बांधी, त्याना पहिला साल जो थर दिधा, तो मनी सासूनी चोपा व्हता. आख्खा दिन चोपी ऱ्हायनी व्हती. आवाज चांगला व्हता तिना, बठ्ठ्या बाया तिना मांगे गायेत. त्याच पाऊसमा ती तापमा गयी.” तिनं धाब्याकडे पाहिलं. “आज शेवटले जो निंघना, तोच तो थर.”

बारा वर्षं आबा त्या धाब्यासमोरून ये-जा करत होते आणि वर त्यांच्या बायकोच्या हाताखालची माती होती. सळई खुपसली त्या दिवशीच त्यांना कळलं असणार की बारा बोटं काढायची म्हणजे कुठपर्यंत जायचं.

शेवटची गाडी अजून अंगणात उभी होती. आबा तिच्या कडेला उभे होते आणि मातीवर त्यांचा हात पालथा पसरलेला होता. मी जवळ गेलो. जे मनात आलं तेच बोललो.

“आबा, अकरा बोटंच सांगितली असती तरी कोणाला कळलं असतं? मीसुद्धा हो म्हटलं असतं. एका बोटानं काही तुळई मोडत नाही.”

आबांनी मान हलवली. “एक बोट म्हनजे तेहतीस मन, मास्तर,” ते म्हणाले. “आनि खाले पोरे बसतस.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गाडीवान बैलांशी खोळंबला होता. त्यानं विचारलं, “आबा, हाकू का?”

आबांनी मातीवरचा हात उचलून घेतला.

“हाक,” ते म्हणाले.